मिणमिणत्या ताऱ्यांपाशी काय शोधतात?

प्रश्न : सूर्यासारखे ठळक तारे सोडून शास्त्रज्ञ ग्रह शोधायला डोळ्यांना न दिसणाऱ्या लाल बटू ताऱ्यांच्या मागे का लागतात? नातवासाठी सहा इंची दुर्बीण घेतली आहे. आमच्या गच्चीवरून असा ग्रह दिसेल का?
– एक निवृत्त बँक कर्मचारी, नंदनवन, नागपूर

उत्तर : नातू वाट पाहत असेल, म्हणून त्याचं आधी. ग्रह दिसणार नाही, पण त्याची चाहूल लागू शकते, आणि तीही नंदनवनातून.

लाल बटू म्हणजे सूर्याहून बरेच लहान, थंड आणि मंद तारे. ग्रह ताऱ्यासमोरून गेला की ताऱ्याचा प्रकाश किंचित घटतो, त्यावरून तो ओळखतात. म्हणून तारा लहान असणं हीच तर सोय आहे. पृथ्वी सूर्यासमोरून जाताना दूरवरच्या कोणी पाहिली, तर सूर्याचा प्रकाश दहा हजारांत एक भागही घटणार नाही. ट्रॅपिस्ट-१ हा लाल बटू सूर्याच्या जेमतेम एक अष्टमांश व्यासाचा. पृथ्वीएवढा ग्रह आडवा आला की त्याचा प्रकाश ०.७ टक्क्यांच्या आसपास उतरतो. त्याचे पहिले ग्रह चिलीतल्या ६० सेंटिमीटरच्या दुर्बिणीला सापडले, २०१७ पर्यंत सात झाले. त्यांची वर्षंही दीड ते एकोणीस दिवसांची, त्यामुळे एक फेरा हुकला तरी पुढचा लवकरच येतो.

गुरुत्वाच्या ओढीचंही तसंच. फिरणारा ग्रह ताऱ्याला किंचित हलवतो, आणि तारा हलका तितकं ते हलणं जास्त. पृथ्वीमुळे सूर्य सेकंदाला फक्त ९ सेंटिमीटर वेगाने डुलतो. ४.२ प्रकाशवर्षांवरचा, सूर्याला सर्वांत जवळचा लाल बटू प्रॉक्सिमा मात्र आपल्या ग्रहामुळे फुटाळा तलावावर सकाळी फिरणाऱ्या मंडळींच्या वेगाने मागेपुढे होतो.

पण हे तारे सरळ नाहीत, बरं का. अंगावर डाग, मधूनच ज्वाळांचा भडका. डाग फिरले की ग्रहाचा भास होतो. कधी दुर्बीणही फसवते. बर्नार्डचा तारा या लाल बटूभोवती खगोलशास्त्रज्ञ पीटर व्हॅन डी कॅम्प यांनी १९६३ मध्ये गुरूहून जड ग्रह जाहीर केला. पुढे लक्षात आलं, की १९४९ मध्ये त्यांच्या दुर्बिणीच्या भिंगाची बैठक बदलली होती. याच ताऱ्याभोवती ग्रह असल्याचा २०१८ चा दावाही टिकला नाही. अखेर २०२४ मध्ये खरा ग्रह हाती लागला : तीन दिवसांचं वर्ष, वजन पृथ्वीच्या निम्म्याहून कमी. साठ वर्षं एकाच ताऱ्याचा पिच्छा पुरवणाऱ्यांचं मला फार कौतुक वाटतं.

आता गच्ची. प्रॉक्सिमा नागपूरहून क्षितिजापासून सहाच अंश वर येतो, म्हणजे शेजाऱ्यांच्या टाकीमागे. तो सोडा. मार्चमध्ये सिंह राशीतला ग्लीझ ४३६ धरा. हाही लाल बटू, ३२ प्रकाशवर्षांवरचा, आणि मध्यरात्रीच्या सुमारास जवळजवळ डोक्यावर येणारा. नेपच्यूनएवढा त्याचा ग्रह दर २ दिवस साडेपंधरा तासांनी तासभर आडवा येतो. प्रकाशातली घट इथेही ०.७ टक्के. नुसत्या डोळ्याला ती कळायची नाही. ताऱ्यामागे फिरणारी मोटार आणि कॅमेरा लागेल, त्याचा खर्च नातवाच्या आईवडिलांना आधी सांगून ठेवा. तारा किंचित धूसर ठेवून फोटो घेत राहा आणि त्याच फोटोतल्या चमक न बदलणाऱ्या दोन-तीन ताऱ्यांशी त्याची चमक ताडून बघा. ग्रह येण्याआधी तासभर आणि गेल्यावर तासभर मोजणी चालूच ठेवा, नाहीतर पातळ ढगालाच ग्रह समजाल.