माझा केटरिंगचा धंदा आहे. सिबिल स्कोअर (कर्जफेडीच्या सवयीवरून मिळणारा आकडा) 590 आहे, तीन बँकांनी बिझनेस क्रेडिट कार्ड नाकारलं. आता चौथीकडे अर्ज करू का?

नका करू. तुमच्या प्रत्येक अर्जाची चौकशी क्रेडिट रिपोर्टमध्ये, म्हणजे तुमच्या कर्ज-कार्डांच्या नोंदींच्या अहवालात, नोंदली जाते आणि पुढच्या बँकेला ती दिसते. केटरिंगचा धंदा आहे म्हणता, पैशाची ओढाताण समजू शकतो. पण थोडं थांबा.

माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये गिऱ्हाइकांकडे पैसे अडकले आणि माझं कार्ड थकलं. वसुलीवाला म्हणाला, निम्म्यात मिटवून टाका. मी मिटवलं, सुटलो असं वाटलं. नंतर रिपोर्ट काढला तर त्या खात्यापुढे ‘सेटल्ड’, म्हणजे पूर्ण पैसे न भरता मिटवलेलं, आणि खाली महिन्यांच्या चौकटींत 030, 060, 090, म्हणजे पैसे किती दिवस थकले त्याचे आकडे. पोटात गोळाच आला.

तेव्हा आधी रिपोर्ट नीट वाचा. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क या नोंदी ठेवणाऱ्या चारही कंपन्यांकडून (क्रेडिट ब्युरोंकडून) तो वर्षातून एकदा फुकट मिळतो. चुकीची नोंद दिसली तर तक्रार करा. 30 दिवसांत निकाल लागला नाही, तर तुम्हाला दिवसाला 100 रुपये भरपाई द्यावी लागते, रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे.

आणि धंदा तुमच्या एकट्याच्या नावावर असेल तर ‘बिझनेस’ या शब्दामागे धावू नका. बँक बघणार तुमचाच पॅन, तुमचाच स्कोअर. त्यापेक्षा एफडीवर मिळणारं कार्ड घ्या. मी 25,000 ची एफडी ठेवली, 20,000 चं लिमिट मिळालं. एफडीचं व्याज चालूच राहिलं. वार्षिक फी किती, एवढं मात्र आधी विचारून घ्या.

त्या कार्डावर मी फक्त वेल्डिंग रॉड आणि कटिंग व्हील घ्यायचो, महिन्याला पाच-सहा हजारांचे. आणि बिल तयार व्हायच्या आधीच बरेचसे पैसे भरून टाकायचो, कारण कार्डावरची बाकीही ब्युरोकडे कळवली जाते, ती कमी दिसलेली बरी. ‘मिनिमम ड्यू’, म्हणजे बिलातली किमान रक्कम, भरून समाधान मानू नका, उरलेल्यावर महिन्याला साडेतीन टक्के लागले तरी वर्षाचे 42 होतात. एटीएममधून रोख तर काढूच नका, व्याज त्याच दिवसापासून सुरू होतं.

तुमच्या रिपोर्टमध्येही ‘सेटल्ड’ असेल, तर बँकेशी बोलून उरलेली रक्कम भरा, नो ड्यूज लेटर (काही देणं बाकी नाही असं पत्र) घ्या आणि ‘क्लोज्ड’ अशी नोंद झाली का ते स्वतः तपासा. मी हे दोन वर्षं उशिरा केलं, तुम्ही एफडीच्या आधी करा.