रिले नोडला ‘मध्यस्थ’ म्हणावं का?

इंजिनिअरिंगच्या एका पुणेकर विद्यार्थिनीने विचारलंय, मल्टी-हॉप वायरलेस नेटवर्कवर (म्हणजे संदेश एका उपकरणाकडून दुसऱ्याकडे असा उड्या घेत पोचतो, त्या बिनतारी जाळ्यावर) मराठीत लेख लिहितेय, त्यात रिले नोडसाठी, म्हणजे मधे संदेश पुढे पाठवणाऱ्या उपकरणासाठी, ‘सर्वात जवळचा मध्यस्थ निवडावा’ असं वाक्य चालेल का.

‘मध्यस्थ’ नको असं माझं स्पष्ट मत. मध्यस्थ दोन्हीकडचं ऐकून घेतो, तडजोड घडवतो. रिले नोड मजकुराला हात न लावता पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा गठ्ठा, पुढे धाडतो, बस. दुसऱ्या केंद्राचा कार्यक्रम पुढे प्रसारित करण्यासाठीचा आकाशवाणीवरचा ‘सहक्षेपण’ हा शब्द मला फार आवडतो, पण त्यातलं ‘सह’ म्हणजे त्याच वेळी, आणि इथे तर नोड बहुधा आधी अख्खं पॅकेट घेतो आणि मग पाठवतो. ‘वाहक’ रेडिओत वाहक लहरींसाठी आधीच वापरात आहे. त्यामुळे सरळ रिले नोडच लिहा, रिले शर्यतीमुळे तो शब्द शाळेतल्या पोरांनाही कळतो. हॉपला मात्र ‘टप्पा’ अगदी चपखल बसतो, फक्त टप्पा म्हणजे दोन नोडमधलं अंतर, नोड नव्हे, म्हणजे मधे दोन रिले असतील तर टप्पे तीन.

खरी अडचण मला ‘जवळचा’ची वाटते. कोणाला जवळचा, पाठवणाऱ्याला की शेवटच्या मुक्कामाला? आणि कमी टप्पे म्हणजे चांगला मार्ग असंही नाही. २००३ मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी ईटीएक्स नावाचं माप मांडलं, एक पॅकेट पोचायला सरासरी किती वेळा पाठवावं लागेल ते मोजायचं. समजा एका लांब टप्प्यावर पॅकेट निम्म्या वेळाच पोचतं आणि त्याची पोचही निम्म्या वेळाच परत येते, तर सरासरी ४ वेळा पाठवावं लागतं, कारण पोच आली नाही तरी पुन्हा पाठवावंच लागतं. मधे एक रिले घेतला आणि दोन्ही टप्प्यांवर दोन्ही दिशांनी ९० टक्के पोचत असेल तर दोन्ही मिळून अडीचच्या आतच काम होतं. टप्पा वाढला तरी खर्च कमी!

‘निवडावा’ ठीक आहे, पण कोण निवडतं ते लिहाच. ओएलएसआर नावाच्या, अशा नेटवर्कमध्ये मार्ग ठरवणाऱ्या प्रोटोकॉलमध्ये (नियमसंचात) प्रत्येक नोड आपल्या शेजाऱ्यांतले असे काही रिले स्वतः निवडतो की त्यांच्यामार्फत दोन टप्प्यांवरचे सगळे नोड गाठता येतील, वरून कोणी नेमत नाही, म्हणून ‘नेमणूक’ तिथे चुकीचं ठरेल.

मी असं लिहीन: ‘ज्या शेजाऱ्यामार्फत पॅकेट मुक्कामी पोचवायला एकूण कमीत कमी वेळा पाठवावं लागेल, तो शेजारी नोडने रिले म्हणून निवडावा.’ लेख बॅटरीवरच्या सेन्सरबद्दल असेल तर उरलेल्या चार्जचाही उल्लेख करा, सगळे एकाच रिलेच्या मागे लागले तर तोच आधी बंद पडतो.