पुरातून आलेली गाडी, बँकेतून आलेली पॉलिसी

सांगलीहून आलेलं पत्र, थोडक्यात: "वय ३७. कुपवाड एमआयडीसीत नोकरी, हातात ६२ हजार येतात. पत्नी खासगी शाळेत शिकवते, तिचे १४ हजार. दोन मुलं. घराचं कर्ज २४ लाख बाकी, हप्ता साडेतेवीस हजार. ओळखीच्या गॅरेजवाल्याकडे २०२२ ची कॉम्पॅक्ट एसयूव्ही आहे. बाजारात सात लाखांना जाते, तो सव्वाचारला देतोय. जुलै २०२४ ला पुण्यात सिंहगड रोडला पाणी शिरलं तेव्हा पार्किंगमध्ये बुडाली होती. विमा कंपनीने टोटल लॉस केली, पण आता टकाटक बनवली आहे. दोन वर्षं वापरून साडेपाचला विकता येईल. अडीच लाखांची एफडी आहे, पण पुढच्या महिन्यात, डिसेंबरात, पॉलिसीचा एक लाखाचा तिसरा हप्ता आहे. म्हणून एफडीतले फक्त ७५ हजार काढून साडेतीन लाखांचं पर्सनल लोन घेणार आहे, १४ टक्के, चार वर्षं. गाडी घ्यावी का? मुलाच्या इंजिनिअरिंगची सोय पॉलिसीतून झालीच आहे."

गाडी घेऊ नका. दोन लेकरांना पुढे-मागे बसवून पावसात दुचाकी हाकणं मला कळतं, तरीही नको.

दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या (विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी गाडी टोटल लॉस धरते, म्हणजे दुरुस्तीऐवजी भरपाई देऊन मोकळी होते. आयडीव्ही सात लाख धरली तर नुकसान मोजणाऱ्या सर्वेअरने काम किमान सव्वापाच लाखांचं काढलं होतं. आता गॅरेजवाल्याच्या बाजूने बघा. भंगाराच्या बोलीत त्याने गाडी दोन लाखांना उचलली आणि स्वतःला पन्नास हजार ठेवले असं समजू. म्हणजे काम झालं पावणेदोन लाखांचं. मजुरी स्वस्त, पार्ट जुन्या बाजारातले, हे मान्य केलं तरी साडेतीन लाखांचं काम गेलं कुठे? तुम्ही कर्जही बरोबर तेवढंच काढताय.

ते काम डॅशबोर्डखाली आहे. वायरिंगच्या कनेक्टरवर हिरवट थर चढत जातो, आणि सहा महिन्यांनी, वर्षाने एकेक गोष्ट बंद पडू लागते. सांगलीकराला पुराचं पाणी मी काय शिकवणार? २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाशी कृष्णेच्या पाण्याचे फूट मोजत बसलेली माणसं तुम्ही. घर धुऊन निघालं तरी भिंतीतली ओल किती दिवस येत होती, आठवा. गंमत म्हणून एकदा गाडीत बसा आणि सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, तळाच्या पट्ट्यावर गाळाची रेघ दिसते का बघा. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझायला हवा. तो लागतच नसेल तर बहुधा कुणीतरी तो मुद्दाम बंद केलाय.

अमेरिकेत अशा गाडीच्या मालकीपत्रावरच 'सॅल्व्हेज' (भंगारातून वाचवलेली) असा शिक्का पडतो. आपल्याकडे आरसीवर काहीच लिहिलेलं नसतं, त्यामुळे इतिहास सांगायचा की नाही हे विकणाऱ्याच्या मनावर. विमा काढताना तुम्ही तो लपवलात तर पुढच्या क्लेमला कंपनी हात वर करायला मोकळी. आणि साडेपाचला विकणार म्हणता, ते कुणाला? खरं सांगून या भावाला गिऱ्हाईक मिळणार नाही, आणि खोटं सांगायचा तुमचा विचार नसावा. शिवाय कर्जाचा हप्ता साधारण साडेनऊ हजार, चार वर्षांत व्याज एक लाख दहा हजार. म्हणजे गाडी सव्वाचारची नाहीच, पाच पस्तीसची आहे.

गाडीचं एवढंच. आता पत्रातलं शेवटचं वाक्य.

तुम्ही एफडी करायला बँकेत गेलात आणि मॅडमनी पॉलिसी हातात ठेवली, असं सोबतच्या चिठ्ठीत लिहिलंय. दहा वर्षं एक-एक लाख भरायचे, विसाव्या वर्षी साडेएकवीस लाख 'गॅरंटीड'. "पैसे दुपटीपेक्षा जास्त" हे त्यांचं वाक्य खरंच आहे, फक्त वीस वर्षांत! हा परतावा वर्षाला पाच टक्के पडतो. गृहकर्जावर तुम्ही यापेक्षा जास्त व्याज भरताय. पैसे येणार २०४३ च्या डिसेंबरात. मुलगा आज नऊ वर्षांचा आहे, तेव्हा तो सत्तावीसचा असेल. इंजिनिअरिंग कुठल्या वर्षी करणार आहे तो?

याहून वाईट गोष्ट म्हणजे, तुम्ही उद्या नसलात तर या पॉलिसीतून घरी दहा-अकरा लाख येतील. बँकेचे २४ लाख बाकी, हप्ता साडेतेवीस हजार आणि घरात पगार १४ हजार. टर्म इन्शुरन्स (कमी हप्त्याचा, मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा) एक रुपयाचा नाही. मेडिक्लेम कंपनीचा, दोन लाखांचा, नोकरी असेपर्यंत. अशा घरात पुरातली गाडी हा तिसऱ्या नंबरचा धोका आहे.

मग पॉलिसी मोडायची? थांबा. दोन हप्ते भरून सरेंडर केलीत तर हमीची रक्कम साधारण ३० टक्के, म्हणजे दोन लाखांचे साठ हजार. पण हप्ते थांबवून पॉलिसी पेड-अप ठेवलीत तर मुदतीअखेर हप्त्यांच्या प्रमाणात, दहापैकी दोन, म्हणजे ढोबळ चार लाख तीस हजार मिळायला हवेत. आज साठ हजार नाकारून अठरा वर्षांनी ४.३ लाख, म्हणजे वर्षाला साडेअकरा टक्के. अशा पॉलिसीतला बहुधा हाच एकमेव चांगला सौदा, आणि तो मॅडम सांगणार नाहीत.

पुढच्या आठ हप्त्यांचा हिशोब वेगळा. आठ लाख आणखी घालून जादा मिळणार सव्वासतरा लाख. हेच पैसे पीपीएफमध्ये आजच्या ७.१ टक्क्यांनी २२ लाखांच्या आसपास जातात. दर बदलेल, पण पाच लाखांची ही दरी भरून निघण्याइतका बहुधा नाही.

म्हणून तिसरा हप्ता भरू नका. त्या लाखातून एक कोटीचा टर्म घ्या, सिगारेट ओढत नसाल तर वर्षाला पंधरा-अठरा हजार. वीस-पंचवीस हजारांत चौघांचा स्वतःचा मेडिक्लेम. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविम्यावर जीएसटी नाही, तेवढी बचत आयतीच. उरलेले साठेक हजार एफडीत, कारण अडीच लाख म्हणजे तुमच्या घराचा पाच महिन्यांचाही खर्च नाही.

आणि गाडी? कर्जाचा हप्ता म्हणून जे साडेनऊ हजार द्यायला तयार झाला होतात, ते दीड वर्ष आरडीत टाका. पावणेदोन लाख जमतील. त्यात थोडं कर्ज घालून एखादी छोटी हॅचबॅक बघा, पहिल्या मालकाची, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा पूर्ण रेकॉर्ड असलेली. दिसायला एसयूव्हीसारखी नसेल.

हप्त्याच्या तारखेआधी विमा कंपनीला (बँकेला नव्हे) ईमेल करून दोन आकडे लेखी मागवा: आजचं सरेंडर मूल्य आणि पेड-अप केल्यास मुदतीअखेरची रक्कम. दुसरा आकडा चार लाखांच्या खाली आला तर मला पुन्हा लिहा, हिशोब नव्याने करू. आणि टर्म पॉलिसी हातात पडल्याशिवाय जुनीचा हप्ता थांबवू नका. तारखेनंतर तीस दिवसांची सवलत असते, तेवढ्यात ते होतं.