राइझ की रेझ? मराठीतला ‘नं’ लावून बघा

तुमचा प्रश्न असा की ‘राइझ’ आणि ‘रेझ’ दोन्हींचा अर्थ वर जाणं, वाढणं असाच दिसतो, मग ‘द प्राइसेस रेझ्ड’ लिहिलं तर मार्क का कापले? कारण रेझ सकर्मक आहे, त्याला कर्म लागतंच. राइझ अकर्मक, त्याला कर्म चालतच नाही. किमती वाढल्या तर ‘रोझ’. दुकानदारानं वाढवल्या तर ‘रेझ्ड’.

वाढणे-वाढवणे, चढणे-चढवणे, उठणे-उठवणे या जोड्या आपण लहानपणापासून न चुकता वापरतो, तोच हा प्रकार. आमच्या सांगलीत पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी सगळ्यांच्या तोंडी असते, 40 फुटांना इशारा आणि 45 ला धोका. ‘पाणी रात्रीत चार फुटांनी चढलं’ म्हणजे ‘द वॉटर रोझ बाय फोर फीट’. कोयनेचे दरवाजे मात्र कुणीतरी उचलावे लागतात, म्हणून ‘दे रेझ्ड द गेट्स’. पेपरात ‘दरवाजे उचलण्यात आले’ असं छापून येतं, ते ‘द गेट्स वेअर रेझ्ड’. उचलणारा गायब आहे, पण दरवाजे मुळात कर्मच आहेत, म्हणून चालतं. राइझचा असा कर्मणी प्रयोग होत नाही.

अडलात तर वाक्य मराठीत भूतकाळात म्हणून बघा (करणारा मी, तू, आम्ही, तुम्ही असेल तर त्या जागी एखादं नाव घाला, कारण या चौघांना ‘नं’ लागत नाही). करणाऱ्याला ‘नं’ किंवा ‘नी’ लागला (‘सरकारनं दर वाढवला’) तर रेझ, नाही लागला (‘दर वाढला’) तर राइझ. आता कुणी म्हणेल, ‘पावसानं पाणी चढलं’ यातही ‘नं’ आहेच की! आहे, पण तो कारणाचा. कर्ता पाणीच आहे, आणि क्रियापद ‘चढलं’ आहे, ‘चढवलं’ नाही. (आईनं भात वाढला, तो वाढणं वेगळा. तिथं सरळ ‘सर्व्ह’.)

माझ्या मते खरा घोळ अर्थाचा नाहीच, रूपांचा आहे. राइझ, रोझ, रिझन. रेझ, रेझ्ड, रेझ्ड. शेवटी ‘ड’ ऐकू आला की भूतकाळ वाटतो, म्हणून क्लासमधली हुशार मुलंसुद्धा ‘द सन रेझ्ड’ लिहून मोकळी होतात.

रेझचा पसारा मोठा आहे: हात वर करणं, पैसे उभे करणं, मुलं वाढवणं, प्रश्न उपस्थित करणं. प्रश्न आपणहून उभा राहिला तर मात्र ‘अराइझ’. अशा जोड्या इंग्रजीत आणखी आहेत. झाड पडणं ‘फॉल’ आणि पाडणं ‘फेल’. पडणे-पाडणे जसं आपण आतला स्वर बदलून करतो, तसंच. हा ‘फेल’ नापास होण्याचा नव्हे, त्याचं स्पेलिंग वेगळं.

स्पेलिंगवरून आठवलं, रेझ ‘एस’ऐवजी ‘झेड’नं, मधला ‘आय’ गाळून लिहिला तर उच्चार तोच राहतो आणि अर्थ होतो जमीनदोस्त करणं. इमारत उभी करायची की पाडायची, ते एवढ्यावर ठरतं.

पगारवाढीला अमेरिकेत ‘अ रेझ’ म्हणतात, ब्रिटनमध्ये ‘अ राइझ’. तिथं हे शब्द नाम आहेत, त्यामुळे वरचा नियम लावत बसू नका, दोन्ही बरोबर.