दार उघडल्यावर काहीतरी झालेलं असावं

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. जर्मनीतल्या स्टुटगार्टची खोली बरी आहे, विद्यापीठ बरं आहे, पहिल्या बर्फाची मजा वाटली, सगळं लिहिलंस. आणि अगदी शेवटी एका ओळीत लिहिलंस, की संध्याकाळी कुलूप काढून आत शिरताना नको वाटतं. हे सगळं पत्र त्या एका ओळीला उत्तर आहे असं समज.

आपल्या घरी बाहेरून आलं, की मागे काहीतरी झालेलं असतं. दूध तापून झाकलेलं असतं, दोरीवरचे कपडे घडी होऊन पलंगावर आलेले असतात, कुकरची वाफ निवत असते. आपण नव्हतो तरी घर चालू होतं, याची ती खूण. एकट्याच्या खोलीत सकाळी ठेवलेला कप संध्याकाळी तिथेच, तसाच, तळाशी चहाची पावडर वाळलेली. करमत नाही ते बहुतेक यामुळे. म्हणून तू बाहेर असताना आपोआप होत राहील अशी एक तरी गोष्ट रोज लावून बाहेर पड. पैसे फार लागत नाहीत. रीत मात्र नीट समजून घ्यावी लागते, कारण आईच्या ओट्यावरची रीत तिथल्या थंडीत जशीच्या तशी चालत नाही.

दह्यापासून सुरुवात कर. साडेतीन टक्के स्निग्धांशाचं अर्धा लिटर दूध घे. पाकिटावर ‘फ्रिशमिल्श’, म्हणजे ताजं दूध, असेल ते पाहा; ‘हा-मिल्श’ म्हणजे टिकाऊ दूध, त्याचंही दही लागतं पण जरा पातळसर. दूध कडेने फेस येऊन वर चढेपर्यंत तापव आणि निवू दे. करंगळी बुडवून सावकाश दहापर्यंत मोजता आलं, पण अकराव्याला काढून घ्यावीशी वाटली, की समज वेळ झाली. थर्मामीटर असेल तर ४० ते ४३ अंश. आता एक छोटा चमचा विरजण वाटीत थोड्या दुधात फेटून गुठळी मोडून घे, मग सगळ्या दुधात घालून एकदाच ढवळ.

विरजणासाठी बाजारचं साधं, बिनसाखरेचं दही चालतं, पण दोन शब्द वाचायला शीक. पाकिटावर ‘वेर्मबेहान्डेल्ट’ असेल तर ते दही तयार झाल्यावर पुन्हा तापवलेलं असतं. त्यातले जिवाणू मेलेले असतात, त्याने काहीही लागणार नाही. ‘मिल्ड’ लिहिलेलं असेल तर त्यात जिवाणूंची जात वेगळी असते. दही लागेल, पण आंबटपणा येणार नाही आणि कढी केलीस तर ती मिळमिळीत होईल. ‘मिल्ड’ नसलेलं घे.

खरी अडचण पुढे आहे. तुझी खोली एकोणीस-वीस अंशांवर असते. ओट्यावर नुसतं झाकून ठेवलेलं दूध तिथे संध्याकाळी दूधच असेल. एक पुठ्ठ्याचं खोकं घे. तळाशी जाड टॉवेल, त्यावर दह्याचं भांडं, शेजारी टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची रबरी पिशवी. पिशवीत उकळतं पाणी भरू नकोस, रबर लवकर खराब होतं आणि भांड्याची ती बाजू जास्त तापते. वरून जुना स्वेटर टाकून खोकं बंद कर. ओव्हनचा नुसता दिवा लावता येत असेल तर त्या उबेतही दही लागतं. फक्त आत दही आहे अशी चिठ्ठी ओव्हनच्या दारावर लाव, नाहीतर कुणीतरी पिझ्झ्यासाठी ओव्हन तापवेल. सकाळी आठच्या सुमारास विरजलंस, की संध्याकाळी पाचला परत येईपर्यंत लागलेलं असेल.

बिघडलं तर कारण शोधायला सोपं आहे. दूध दूधच राहिलं आणि वासही तसाच आहे, तर विरजण घालताना दूध जास्त गरम होतं. चमच्याला तार सुटते, तर ऊब कमी पडली. पाणी सुटून आंबट झालं, तर विरजण जास्त घातलंस किंवा फार वेळ उबेत राहिलं. मध्येच झालं का बघायला भांडं हलवलंस तर कवडी मोडते, ती परत जुळत नाही. लागलं की भांडं तसंच फ्रिजमध्ये ठेव आणि तासाभराने सुरी घालून बघ. कापल्यासारखी वडी निघाली आणि खाचेत हळूहळू हिरवट पिवळं पाणी जमायला लागलं, तर तुझं दही जमलं.

थंडीत चौथ्या-पाचव्या वेळी तेच विरजण जरा नरम पडतं. पुन्हा बाजारातून आणायला लाज वाटून घेऊ नकोस.

याच खोक्यात एक दिवसाआड मोड येऊ दे. मटकी भारतीय दुकानात मिळेल, मूग इतरत्रही मिळतात. अर्धी वाटी मटकी रात्री कोमट पाण्यात भिजत घाल. सकाळी पाणी पूर्ण निथळून, सुती फडक्यात सैल बांधून, चाळणीवर ठेव आणि खोक्यात जाऊ दे. संध्याकाळी आल्यावर एकदा धुऊन पुन्हा बांध. आपल्याकडे उन्हाळ्यात जे दहा-बारा तासांत होतं त्याला तिथे चोवीस, कधी छत्तीस तास लागतात. आंबूस वास येऊन मटकी चिकट झाली तर खाली पाणी साचलेलं असतं किंवा फडकं फार घट्ट असतं. मोडांना हवा लागते. तशी मटकी धुऊन वापरायचा मोह नको, टाकून दे. चांगली आली तर अर्ध्या वाटीची दीड वाटी होते, एकट्याला दोन वेळची उसळ. कच्ची खाऊ नकोस, वाफ काढूनच खा.

उसळीला फोडणी घालताना तिथल्या काचेच्या शेगडीचा स्वभाव लक्षात घे. गॅस बंद केला की आच जाते. ही शेगडी बंद केल्यावरही काही मिनिटं तापलेलीच राहते. म्हणून मोहरी तडतडली की पातेलं शेगडीवरून उचलून बाजूला घे, आणि हिंग, हळद, तिखट बाजूलाच घाल. तेलात पुरेशी धग असते. शेगडीवरच घातलंस तर हळद काळी पडते आणि मिरचीच्या ठसक्याने छतावरचा धुराचा भोंगा वाजतो. त्या भोंग्याची बॅटरी काढायची नाही, कधीच नाही. खिडकी आधी उघड, झाकण हाताशी ठेव. आणि थंडीचा जाड कोट तेवढा वेळ न्हाणीघरात टांगून दार लावून घे, लोकरीत फोडणीचा वास आठवडाभर बसतो.

आता दिव्याचं. डिसेंबरात तुझ्याकडे साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. तू येतोस तेव्हा काळोख होऊन गेलेला असतो, आणि तू दार उघडून भिंतीवर बटण चाचपडतोस. तो चाचपडण्याचा क्षणच काढून टाक. हार्डवेअरच्या दुकानात ‘त्साइटशाल्टउअर’ मिळतं, सॉकेटमध्ये खोचायचं वेळेचं बटण, थोड्या युरोंत येतं. त्याच्या चकतीवर चोवीस तासांसाठी ९६ दाते असतात, एक दाता म्हणजे पंधरा मिनिटं. सव्वाचार ते दहा या वेळेतले दाते खाली दाब, चकती फिरवून आत्ताची वेळ बाणासमोर आण, आणि त्यात एक टेबलावरचा दिवा लाव. दिव्याचं स्वतःचं बटण चालूच राहू दे, नाहीतर दात्यांचा उपयोग नाही. बल्ब पाच-सात वॅटचा एलईडी, ‘२७०० केल्विन’ लिहिलेला, पिवळसर उजेडाचा. घरून बल्ब मागवू नकोस. आपले पिना अडकवायचे, तिथले बहुतेक फिरवून बसवायचे असतात. या बटणावर हीटर किंवा इस्त्री लावायची नाही. तिन्हीसांजेला घरात दिवा लागलेला असावा असं आजी म्हणायची ना, आता तो तू पोचायच्या आधी लागलेला असेल. रस्त्यावरून तुझी खिडकी दिसत असेल तर बस उतरल्यापासूनच दिसेल.

ही चकती यंत्राची आहे, तिला तिथली घड्याळं उन्हाळ्यासाठी तासभर पुढे आणि हिवाळ्यासाठी मागे केलेली कळत नाहीत. मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तू ती हाताने एक तास फिरवायची. त्याच दिवशी आईलाही सांगायचं, कारण तुमच्या वेळेतलं अंतरही बदलतं: हिवाळ्यात साडेचार तास, उन्हाळ्यात साडेतीन. सांगितलं नाहीस तर ती तासभर फोन घेऊन बसते आणि तू विसरलास असं समजते.

फोनबद्दल थोडं. तू रात्री आठला निवांत होतोस तेव्हा घरी साडेबारा वाजलेले असतात. जागरण करून ते बोलतात, पण दोन्हीकडे कंटाळा असतो. सकाळी साडेसातला कर. हिवाळ्यात घरी दुपारचे बारा, आई ओट्यापाशी असते. फोन डब्याला टेकवून ठेव आणि तुझं दूध तापव. रोज दहा मिनिटं पुरतात, रविवारचा सलग तास नको. ‘काय विशेष?’ आणि ‘काही नाही’ यावर फोन संपतो, कारण सांगायला काही घडलेलं नसतं. आता असेल. दही तार सुटल्यासारखं का झालं, हे विचार. आईला उत्तर माहीत असलेला प्रश्न विचारणं हे तिच्यासाठी तुझ्या खुशालीपेक्षा मोठं आहे.

रविवारी तिथे दुकानं बंद, आणि इमारतीत आवाज करायचा नाही असा नियम. मिक्सर, ड्रिल, काही नाही. हा दिवस सगळ्यात जड जातो हे ठाऊक आहे. त्या दिवशी तूप कढव. घरून मागवता येणार नाही: युरोपीय संघाबाहेरून येताना दुधाचे पदार्थ आणि मांस सामानात आणायला बंदी आहे, घरच्या वापरासाठीसुद्धा. तेव्हा तूप, पेढे, खवा आईने बॅगेत भरायच्या आधीच सांग. मेतकूट, भाजणी, गोडा मसाला यांना दुधाची ही अडचण नाही.

लोण्याची २५० ग्रॅमची वडी तिथे सर्रास मिळते. बिनमिठाची घे, आणि ‘झाउअररामबुटर’ लिहिलेली. ते विरजलेल्या सायीचं लोणी असतं, आपल्या लोण्याच्या जवळचं. ‘झ्यूसराम’ गोड्या सायीचं, त्याच्या तुपाला तो वास येत नाही. जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ठेव. आधी वितळेल, मग पांढरा फेस धरून पटपट, ओला आवाज करत उकळेल. तो आवाज म्हणजे लोण्यातलं पाणी. वीस मिनिटांच्या आसपास आवाज विरळ होत जातो, फेस फाटतो आणि खालचं तूप पारदर्शक दिसतं. इथून पुढे पातेलं सोडून जाऊ नकोस. तळाची बेरी फिक्या बदामी रंगाची झाली की शेगडीवरून उतरव. काचेच्या शेगडीवर बंद करून थांबलास तर दोन मिनिटांत बेरी काळी आणि तूप करपट. पाच मिनिटांनी पूर्ण कोरड्या बरणीत गाळ. ओलसर बरणीत तूप खवट होतं. अडीचशे ग्रॅम लोण्याचं साधारण दोनशे ग्रॅम निघेल.

बरणी फ्रिजमध्ये ठेवू नकोस, थंडीत खिडकीशीही नको. झटकन गोठलेलं तूप मेणासारखं गुळगुळीत होतं. पुस्तकांच्या कपाटात, पुस्तकांच्या मागे ठेव, सावकाश निवू दे. सोमवारी परत येशील तेव्हा ते रवाळ झालेलं असेल, चमचा घातला की कणी सुटी दिसेल. पातेल्यातल्या बेरीवर चमचाभर साखर घालून लगेच खा, ती उद्यासाठी नसते.

कुंडीचं तू विचारलंस. हिवाळ्यात तिथल्या उजेडात कोथिंबीर आणि तुळस लांबट, फिकी होऊन कोलमडतात, आणि खिडकीखालचा हीटर माती वाळवतो. मार्चपर्यंत थांब. तोवर मसाल्याच्या डब्यातले मेथीदाणे रात्रभर भिजवून उथळ ताटलीत दोन बोटं मातीवर दाट पसर, वर मातीची पातळ चादर, पाणी शिंपड. तीन-चार दिवसांत वर येईल आणि दोन आठवड्यांच्या आत बोटभर झाली की कात्रीने काप, मुंबईत जुड्या मिळतात तशी. भातावर, वरणात, कशातही. दोन आठवडे रोज संध्याकाळी ती कालच्यापेक्षा उंच असते.

आणि सकाळ-संध्याकाळ खिडकी सताड उघडून पाच-सात मिनिटं वारा खेळू दे, तेवढा वेळ हीटर बंद. अर्धवट तिरकी खिडकी दिवसभर ठेवण्यापेक्षा हे बरं. भिंत गार होत नाही आणि उसळ शिजवलेल्या वाफेने कोपऱ्यात बुरशी धरत नाही.

सगळं एकाच आठवड्यात करू नकोस. आधी दिवा आणि दही. हे पत्र तुला शनिवारी मिळेल असा अंदाज आहे. दुकानं बंद व्हायच्या आत दूध आणि दह्याची छोटी वाटी आणून ठेव. आणि पहिलं दही लागलं की ताटात घ्यायच्या आधी पुढच्या विरजणाचा चमचा वेगळा काढ.

तुझा,
काका