छोट्या अनुदानाचा पहिला अर्ज

तुझा मसुदा वाचला. ‘ऊसतोड कामगारांच्या मुलांचा सर्वांगीण विकास’ असं लिहून पन्नास हजार मागितलेस. पन्नास हजारांत सर्वांगीण विकास होत नाही रे! फडाजवळच्या कोप्यांवर, म्हणजे कामगारांच्या तात्पुरत्या झोपड्यांवर, वीस लेकरं दिवसभर सांभाळायची, एवढंच माग. दोन ताडपत्र्या, चटया, पाण्याचं पिंप, खिचडीचं सामान आणि टोळीतल्याच एखाद्या बाईचं मानधन. मानधन सगळ्यात वर लिही. देणगीदार वस्तूंना पटकन हो म्हणतात, पण सांभाळणारं माणूस नसेल तर ताडपत्री नुसती पडून राहते.

वेळेचं बघ. गाळप ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतं, मार्च-एप्रिलपर्यंत टोळ्या बीडकडे परततात. आमचा पहिला चेक आला मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात. कोप्या मोडत होत्या आणि 31 मार्चच्या आत खर्च दाखवायचा होता! तेव्हापासून मी अर्ज पावसाळ्यातच टाकते.

धर्मादाय नोंदणी, 12ए (संस्थेच्या उत्पन्नाला आयकरात सूट), 80जी (देणगीदाराला आयकरात सवलत) यांच्या प्रती एका फाइलीत ठेव. 80जीच्या सवलतीसाठी रोख देणगी 2000 रुपयांपर्यंतच चालते. कंपन्यांच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठीच्या निधीला सरकारकडे सीएसआर-1 नोंदणीही लागते. सध्या त्या वाटेला जाऊ नकोस, कागदांतच हंगाम निघून जाईल.

भाजीवाली पावती देत नाही. मी वहीत तारीख, माल, रक्कम लिहून तिची सही नाहीतर अंगठा घेते. आणि हो, पैसे उरले तर परस्पर वळवू नकोस, आधी देणगीदाराला फोन कर. आम्ही उरलेल्या अकराशेंतून स्वेटर घेऊ का विचारलं, तर त्यांनी वर चार हजार दिले.