ए, ई, आय, ओ, यू ही पाचही अक्षरे असलेले इंग्रजी शब्द कसे शोधावेत?

शेवटापासून शोधा: शब्दाचा शेवट आय-ओ-यू-एस असा धरला की तीन स्वर आयतेच मिळतात आणि आधीच्या भागात फक्त ए आणि ई बसवायचे उरतात. टेनेशियस, प्रिकेरियस, नेफेरियस, ग्रिगेरियस हे सगळे असेच सापडतात. फसीशियस आणि ॲबस्टीमियस यांत तर पाचही स्वर वर्णमालेच्याच क्रमाने येतात. दुसरा हुकमी शेवट टी-आय-ओ-एन. तिथे ए, ई, यू शोधायचे: एज्युकेशन, इक्वेशन. अशा साच्याबाहेरचेही सुंदर शब्द आहेत. डायलॉगचे ब्रिटिश स्पेलिंग आठ अक्षरांचे, तर सेक्वोया हे वृक्षाचे नाव अवघ्या सात अक्षरांचे. ‘उपखंडाचा’ अशा अर्थाच्या सबकॉन्टिनेंटल या विशेषणात हेच स्वर बरोबर उलट्या क्रमाने येतात, आणि मला तो या सगळ्यांत जास्त आवडतो.

वरचा प्रत्येक शब्द मी अक्षर-अक्षर लिहून मोजला आहे, तुम्हीही मोजून पाहा. संपूर्ण यादीच हवी असेल तर दर ओळीला एक इंग्रजी शब्द असलेली साधी मजकूर फाइल घ्या आणि संगणकावर ग्रेप ही आज्ञा (दिलेले अक्षर असलेल्या ओळीच निवडणारी) एकामागून एक पाच वेळा लावा, दर वेळी एका अक्षरासाठी आणि आधीच्या वेळी उरलेल्या शब्दांवर. पाच स्वरांऐवजी दुसरी कुठलीही अक्षरे दिली तरी हीच रीत चालते.

मात्र हे सगळे स्पेलिंगमधल्या अक्षरांबद्दल आहे, उच्चारातल्या स्वरांबद्दल नाही. डायलॉगमधले शेवटचे यू आणि ई उच्चारात ऐकूच येत नाहीत.